विद्येचा वाटखर्च

शिक्षणाचा इतिहास लिहिणारे इमारतींविषयी फार आस्थेने लिहितात. कोनशिला कोणी बसविली, देणगी कोणाची, पहिले प्राचार्य कोण, पहिल्या वर्षी पटावर मुले किती, हे सारे नीट टिपलेले असते. टिपलेले नसते ते एवढेच, की त्या इमारतीच्या दारापर्यंत मुले आली कशी आणि येण्याचे भाडे त्यांना दिले कोणी. घरातल्या कर्त्या माणसाच्या डोळ्यांतली झोप मात्र पहिल्या प्रश्नांनी नव्हे, या शेवटच्या प्रश्नानेच उडालेली असते. फी माफ करून घेता येते, पुस्तके वरच्या वर्गातल्या मुलाची मिळतात, जेवायला वार लावता येतात. पण तिकिटाच्या खिडकीपाशी वार लावून चालत नाही. तेथे रोख पैसे मोजावे लागतात.

आपल्या भाषेत या पैशाला फार सोज्ज्वळ शब्द आहे. वाटखर्च, किंवा वाटखर्ची. निघणाऱ्याच्या हातावर वडीलधाऱ्याने चार रुपये ठेवावेत आणि ‘वाटेत उपयोगी पडतील’ म्हणावे, ही आपली रीत. त्यात उपकाराची भाषा नसते आणि परतफेडीचीही नसते. विद्येसाठी निघालेल्यांच्या हातावर महाराष्ट्रात अशी वाटखर्ची कोणी कोणी ठेवली आणि कोणाच्या हातावर ती कधीच पडली नाही, याचा हिशेब मांडावा, असे मनात आहे. दिवाळीत घरोघर जमाखर्चाच्या वह्या पुजल्या जातात. ही एक वही मात्र कोणी फारशी उघडत नाही.

पेशवाईत श्रावणमासी पुण्यात दक्षिणा वाटली जाई. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली ही प्रथा पुढे पेशव्यांनी आपल्याकडे घेतली आणि लांबलांबचे शास्त्रीपंडित दक्षिणेसाठी पुण्याची वाट धरू लागले. त्या दक्षिणेत विद्वत्तेबरोबर पायपिटीचाही मोबदला होता, असे म्हटले तर ते फारसे चुकणार नाही. राज्य गेले, तरी इंग्रजांना ही रक्कम एकदम बंद करण्याचे धाडस झाले नाही. एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीत, १८२१ साली पुण्यास जी संस्कृत पाठशाळा निघाली, ती या दक्षिणेच्याच पैशातून. मात्र ही वाट एकाच वर्णाच्या पावलांसाठी झाडलेली होती. बाकीच्यांना पुणे दूर नव्हते. पण पुण्यातली पाठशाळा फार दूर होती.

पुढे वाट समुद्रापलीकडे गेली, आणि भाड्याचा आकडा ऐकूनच घरे गप्प होऊ लागली. १८८३ हे साल या दृष्टीने मोठे मौजेचे आहे. त्या एकाच वर्षी दोन मराठी स्त्रिया विद्येसाठी बोटीवर चढल्या. आनंदीबाई जोशी ७ एप्रिलला कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. त्याआधी श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी इंग्रजीत भाषण करून आपण का जात आहोत हे लोकांना सांगितले होते. गोपाळरावांची पोस्टातली नोकरी. त्या पगारात न्यूयॉर्कचे तिकीट बसण्यासारखे नव्हतेच. बाईंच्या अंगावरचे सोने विकले गेले, काहींनी वर्गणी दिली, आणि अठरा वर्षांची मुलगी एकटी निघाली. ४ जूनला ती न्यूयॉर्कला उतरली.

त्याच वर्षी पंडिता रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. विकण्यासारखे दागिने त्यांच्याजवळ नव्हते. होती ती विद्या. आदल्या वर्षी लिहिलेल्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी बोटीचे भाडे उभे केले. पुस्तक विकून मराठी माणसाने विलायतेचे तिकीट काढावे, ही गोष्ट आजच्या प्रकाशकांना सांगितली तर ते हसतील. पण ती घडलेली आहे. तीन वर्षांनी, मार्च १८८६ मध्ये, आनंदीबाईंना फिलाडेल्फियात पदवी मिळाली, त्या समारंभाला रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. दोघींच्या वाटा वेगळ्या, दोघींची वाटखर्चीही वेगळी, आणि गाठ पडली ती सातासमुद्रापलीकडल्या एका कॉलेजच्या सभागृहात.

सोने किंवा ग्रंथ यांपैकी काहीच जवळ नसेल त्याने काय करावे? त्याने राजाकडे जावे, हे त्या काळचे उत्तर होते. आणि आपल्याकडे असा राजा म्हणजे बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. विठ्ठल रामजी शिंदे यांना ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मशास्त्राच्या अभ्यासासाठी युनिटेरियन मंडळींची शिष्यवृत्ती मिळाली. ती तेथे राहण्याशिकण्याची. ऑक्सफर्डपर्यंत पोहोचावे कसे, याची तरतूद तीत नव्हती. शिष्यवृत्ती देणाऱ्यांच्या नजरेतून नेमकी हीच गोष्ट नेहमी निसटते. विहीर खणून दिली, पोहऱ्यालाही पैसे दिले, आणि दोर मात्र तहानलेल्याने आणावा! १९०१ साली हा दोर सयाजीरावांनी पुरविला आणि शिंदे इंग्लंडला गेले. परत आल्यावर १९०६ मध्ये त्यांनी निराश्रित साहाय्यकारी मंडळी काढली, हे वाचकांना ठाऊकच आहे. त्या प्रवासखर्चाचे व्याज कोणी मोजले, तर बडोद्याच्या खजिन्यातला तो फार फायद्याचा व्यवहार ठरेल.

याच दरबारातून १९१३ साली भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली. अट अशी, की परत आल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करावी. १९१६ मध्ये ते न्यूयॉर्कहून लंडनला गेले. तेथला अभ्यास अर्धा राहिला असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईस परतले. महायुद्ध चालू होते. सामान वेगळ्या बोटीने पाठविले होते. ती बोट पाणबुडीने बुडविली, आणि वर्षानुवर्षे पोटाला चिमटा घेऊन जमविलेले ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले. आता करारानुसार बडोद्याला जायचे, तर जाण्यापुरते पैसे हाताशी नाहीत. तेवढ्यात टॉमस कुक कंपनीने बुडालेल्या सामानाची भरपाई म्हणून सहाशे रुपये दिले, आणि त्या पैशांवर आंबेडकर बडोद्याला गेले. म्हणजे या विद्यार्थ्याने वाटखर्चीसाठी विकली ती आपली बुडालेली पुस्तके! रमाबाईंची पुस्तके विकून भाडे मिळाले. यांची बुडून मिळाले.

पुढे १९२० साली लंडनला पुन्हा जाताना त्यांच्या गाठी तीन प्रकारचा पैसा होता. सिडनेहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीतून मागे टाकलेली शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत, आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज. मराठी मध्यमवर्गातल्या कोणत्याही घरी मुलगा परदेशी धाडताना आजही याच तीन खिशांत हात घातला जातो. स्वतःची शिल्लक, कोणा मोठ्याचा आधार, आणि मित्राची उसनवार.

परंतु प्रवासाला पैसे मिळाले म्हणजे प्रवास सुखाचा होतो, हा समज सर्वांच्या बाबतीत खरा नसतो. आंबेडकरांनी आपल्या आठवणींचे एक लहानसे टिपण इंग्रजीत लिहून ठेवले आहे. त्यात साताऱ्याहून वडिलांच्या नोकरीच्या गावी निघालेल्या मुलांची हकीकत आहे. साल १९०१. वडिलांनी पैसे धाडले होते, मुलांनी नवे कपडे शिवले होते, आगगाडीचा प्रवास आनंदात झाला. मसूर स्टेशनावर उतरल्यावर जात कळली आणि एकही गाडीवान त्यांना घेईना. अखेर दुप्पट भाड्यावर एकजण तयार झाला, तोही या अटीवर की बैल मुलांनीच हाकावेत आणि गाडीवानाने बाजूने पायी चालावे. म्हणजे भाडे दुप्पट, आणि गाडी हाकण्याची मेहनतही भाडेकऱ्याची. प्रवासखर्चाच्या कोणत्याही सरकारी तक्त्यात या ‘दुप्पट’साठी रकाना नसतो.

त्याच टिपणात दुसरी हकीकत आपल्या औरंगाबादजवळची, १९३४ सालची आहे. वेरूळची लेणी पाहण्यास निघालेली कार्यकर्त्यांची मंडळी वाटेत दौलताबादचा किल्ला पाहण्यास थांबली. रमजानचे दिवस होते. प्रवासाची धूळ धुण्यासाठी त्यांनी दरवाज्याजवळच्या हौदातल्या पाण्याने हातपाय धुतले, आणि हौद बाटविला म्हणून एकच गिल्ला झाला. शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती किल्ल्यात कोठेही पाण्याला शिवायचे नाही या बोलीवर. बरोबर एक हत्यारबंद शिपाई दिला गेला. तोवर कोलंबिया आणि लंडन या दोन्ही विद्यापीठांच्या पदव्या आंबेडकरांच्या नावापुढे लागून बरीच वर्षे झाली होती. या मुलखात विद्येची सोय करायची तर भाड्याच्या आणि फीच्या पलीकडेही पुष्कळ पाहावे लागेल, हे त्यांना कोणी पुस्तकातून सांगण्याची गरज उरली नसावी.

आता हा मुलूख, म्हणजे आमची जुनी मोगलाई. येथे वाटखर्चाचा प्रश्न बाकीच्या महाराष्ट्राहून अधिक बिकट होता. मुंबई इलाख्यातल्या मुलाला पुणे-मुंबई एका गाडीच्या अंतरावर. औरंगाबादच्या मुलाचे विद्यापीठ मात्र हैदराबादला. मनमाडपासून हैदराबादेपर्यंतची गोदावरी खोऱ्याची मीटरगेज रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडाशी सुरू झाली. तिची लांबी तीनशे एक्क्याण्णव मैल. जालना, परभणी, नांदेड ही गावे तिच्यावर आली. बीड, अंबेजोगाई कोरडीच राहिली. पश्चिमेकडे जाणाऱ्याला मनमाडला उतरून, वळकटी डोक्यावर घेऊन मोठ्या गाडीत चढावे लागे. रुळांची रुंदी बदलली की जणू राज्यही बदले. १९३२ साली निजाम सरकारच्या रेल्वेने सत्तावीस मोटारगाड्या घेऊन रस्त्यावरची वाहतूकही सुरू केली. पण साऱ्या संस्थानाला सत्तावीस गाड्या कितीशा पुरणार?

१९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले. ते उर्दू माध्यमाचे. १९२३ मध्ये औरंगाबादेस त्याचेच इंटरमिजिएट कॉलेज निघाले. उर्दूचे थोर सेवक मौलवी अब्दुल हक तेथे प्राचार्य होते, ही औरंगाबादकरांना अभिमानाची गोष्ट आहे. इंटरपर्यंतची दोन वर्षे घराजवळ झाली, तरी पदवीसाठी गाठोडे बांधणे आलेच. हैदराबादला जावे तर शिक्षण परक्या भाषेतून. पुण्यामुंबईला जावे तर खर्च परक्या मुलखातला. ज्यांच्या घरी देशमुखी, वकिली किंवा सावकारी होती त्यांची मुले गेली. बाकीच्यांची तलाठ्याच्या किंवा पेशकाराच्या हाताखाली कारकुनीला लागली.

संस्थानाला वाटखर्च द्यायचे ठाऊक नव्हते असे मात्र नाही. याच निजामाच्या शिष्यवृत्तीवर १८९५ साली सोळा वर्षांची सरोजिनी चट्टोपाध्याय, म्हणजे पुढच्या सरोजिनी नायडू, इंग्लंडला शिकायला गेली. ते योग्यच झाले. त्याबद्दल त्या दरबाराला धन्यवादच द्यायला हवेत. पण हैदराबाद ते लंडन एवढे अंतर ज्या खजिन्याने सहज ओलांडले, त्याला गंगापूर किंवा गेवराई ते औरंगाबाद हे अंतर कधी दिसले नाही. मुलगी कॉलेजच्या प्राचार्यांची होती आणि तिची बुद्धी दरबाराच्या नजरेच्या टप्प्यात होती. दरबारी कृपेचा हा स्वभावच आहे. ती दिसलेल्यावर होते.

१९३८ च्या अखेरीस ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून औरंगाबादच्या आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहांतून आणि कॉलेजांतून काढले गेले, तेव्हा हा प्रश्न आणखी एका रूपाने उभा राहिला. नागपूर विद्यापीठाने या मुलांना आपल्याकडे घेतले; पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. औरंगाबादहून नागपूर म्हणजे मनमाड, भुसावळ असा लांबचा फेरा. तेवढ्या फेऱ्याचे बळ ज्यांच्यात नव्हते, त्यांचे शिक्षण तेथेच थांबले. गाणे सर्वांनी एकाच सुरात म्हटले होते. दंड मात्र ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे कमीजास्त बसला.

आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. पहिले कॉलेज मुंबईत, १९४६ चे सिद्धार्थ. मुंबईतल्या गरीब मुलाला भाड्याची अडचण नव्हती, वेळेची होती. तो नोकरीवर जाई. म्हणून तेथे सकाळचे वर्ग. दुसरे कॉलेज त्यांनी मुंबई-पुण्यात न काढता औरंगाबादला काढले, १९५० च्या जूनमध्ये. छावणीच्या बाजूच्या माळावर जागा मिळाली, हैदराबाद सरकारचे कर्ज मिळाले, आणि १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते कोनशिला बसली. पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस. (मी इमारतवाल्यांची थट्टा केली, आणि कोनशिलेची तारीख मीही दिलीच!) पुढे कॉलेजला नाव मिळाले मिलिंद, आणि परिसराला नागसेनवन. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू, दोघांचीही नावे एकाच आवारात नांदू लागली.

मला या निवडीत फार मोठा व्यवहार दिसतो. मराठवाड्यातल्या हजारो मुलांना पुण्याचे भाडे देणे कोणाच्याही आवाक्याबाहेरचे होते. तेव्हा मुलाला कॉलेजकडे नेण्याऐवजी कॉलेजच मुलाच्या वाटेवर आणून ठेवले, आणि शेजारी वसतिगृह बांधले. वसतिगृह झाले की रोजचा वाटखर्च संपतो. उरतात ती दोन भाडी, जूनमधले यायचे आणि परीक्षेनंतरचे जायचे. शिवाय मसूर स्टेशनचा गाडीवान आणि दौलताबादचा हौद या आवारात नव्हते. हे भाडेही वाचले, आणि ते सर्वांत जबर होते. पुढे मराठीतल्या दलित साहित्याचे एक मोठे केंद्र याच आवारात उभे राहिले. प्रा. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ ज्या वातावरणातून निघाले ते हेच. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि हैदराबादच्या खेपा कायमच्या संपल्या. पहिले कुलगुरू डोंगरकेरी. १९९४ पासून त्या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडलेले आहे. त्या नामविस्तारासाठी सोळासतरा वर्षे या भूमीने काय सोसले, तो वेगळा आणि जड अध्याय आहे.

आणखी एक गोष्ट दिल्लीत घडली होती. १९४२ साली आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचा खलिता व्हाइसरॉयला सादर केला, आणि १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. बडोद्याच्या आणि दिल्लीच्या पैशात मला एक फरक मोठा वाटतो. बडोद्यात राजाने पाहिले म्हणून मिळे. येथे नियमात बसले की मिळे. सयाजीरावांचे मोठेपण यात तसूभरही उणे होत नाही. पण ज्याने राजाचे औदार्य स्वतः भोगले, त्यालाच त्याची मर्यादाही नेमकी कळली असावी. १९५४-५५ पासून परदेशी शिक्षणासाठीही केंद्र सरकारची योजना आली, आणि तीत जाण्यायेण्याचे भाडे धरलेले आहे. विठ्ठल रामजींच्या शिष्यवृत्तीत जो दोर नव्हता, तो पन्नास वर्षांनी सरकारी कलमात आला.

आज काय स्थिती आहे? घरी जाणाऱ्यायेणाऱ्या विद्यार्थ्याला रेल्वे निम्म्या भाड्यात नेते, अनुसूचित जातिजमातींच्या विद्यार्थ्याला पाव भाड्यात; प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचा फॉर्म हवा. २०२० साली रेल्वेने पुष्कळ सवलती बंद केल्या, तेव्हाही विद्यार्थ्यांची राहिली. सरकारी शाळेतल्या खेड्यातल्या मुलीला वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीच्या देशपातळीवरील प्रवेशपरीक्षेला जायचे असेल, तर तिला पंचाहत्तर टक्के सूट आहे. ही शेवटची सवलत किती पालकांना ठाऊक आहे, याची मला शंका वाटते, म्हणून येथे मुद्दाम लिहिली. एसटीचा मासिक पास विद्यार्थ्याला एकतृतीयांश रकमेत मिळतो. २०२४ पासून महाराष्ट्रात ठराविक उत्पन्नाच्या आतील अनेक घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फीही माफ झाली आहे. फी माफ, वाट मात्र ज्याची त्याने काढायची.

अमेरिकेत काही श्रीमंत महाविद्यालये गरीब घरच्या हुशार मुलांना प्रवेशाआधीच आपल्या खर्चाने बोलावून घेतात. विमानाचे तिकीट देतात, दोन रात्री वसतिगृहात ठेवतात, वर्ग दाखवतात, आणि म्हणतात, आता घरी जाऊन ठरवा. आपल्याकडे कॉलेज आधी पाहून यावे ही कल्पनाच श्रीमंती वाटते. आमचा मुलगा कॉलेज प्रथम पाहतो तो प्रवेशाच्या दिवशी, हातात मूळ दाखल्यांची पिशवी घेऊन, आणि संध्याकाळची शेवटची बस चुकू नये म्हणून घड्याळाकडे पाहत.

शेवटच्या बसचा हा धाक थट्टेचा नाही. २०१५ च्या ऑक्टोबरात, दुष्काळाच्या दिवसांत, लातूर जिल्ह्यातल्या बारावीतल्या एका मुलीने आपला जीव दिला. एसटीच्या पासाला लागणारे अडीचशेच्या घरातले रुपये घरात नव्हते आणि पासावाचून तिचे कॉलेज बुडत होते. तिचे नाव येथे घेत नाही. सणाच्या अंकात हे लिहावे की नाही, याचा विचार केला, आणि लिहिले. त्यानंतर दुष्काळी भागातल्या विद्यार्थ्यांचे पास एसटीने मोफत केले. नियम झाला, त्याला लागलेली वाटखर्ची मात्र त्या घराने भरली.

बीड शहराला पहिली प्रवासी आगगाडी मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, अहिल्यानगरच्या बाजूने. शंभराहून अधिक वर्षे कोरडे राहिलेले ते गाव एकदाचे रुळांवर आले. पण बीडच्या मुलीला आजच्या छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठात यायचे, तर रेल्वेने अहिल्यानगर, मनमाड असा उलटा वळसा घ्यावा लागेल. म्हणून ती एसटीनेच येते. जूनमध्ये पासाच्या खिडकीपुढे रांग लागते. बोनाफाइड दाखला, दोन फोटो आणि रोख रक्कम जवळ ठेवावी. पासाची मुदत एका महिन्याची असते.